आभाळातलं नाक

माणसाला प्रेम झालं की तो ते लपवायला जागा शोधतो. कुणी वहीच्या पानात लपवतो, कुणी उशीखाली. बगळ्याने ते चाळीस फूट लांब आणि पंचवीस फूट उंच कापडावर लपवलं, आणि वर त्याची खात्री अशी की कुणाला दिसणार नाही!

बगळा म्हणजे चित्रकार. त्याचं खरं नाव त्याच्या आईला ठाऊक होतं आणि आई लांब गावी होती. उंची ताडमाड, मान त्याहून लांब, आणि स्वतःच्या चित्राकडे बघताना एका पायावर उभं राहायची खोड. मग दुसरं काय म्हणणार? तो आणि त्याचा मित्र कवी एका इमारतीच्या माळ्यावर राहायचे. माळ्याला एक खिडकी, खिडकीला अर्धी काच, आणि दोघांत मिळून एक कोट. ज्याला बाहेर जायचं असेल त्याने कोट घालायचा आणि दुसऱ्याने पांघरूण घेऊन कलेची सेवा करायची, असा घरचा नियम. घोडागाड्यांचे दिवस होते ते. थंडीही आतासारखी लेचीपेची नव्हती.

बगळा तेलरंगात माणसांचे चेहरे रंगवायचा. कवी नाटकं लिहायचा. आणि दोघांच्या ओळखीची तिसरी कलावंत होती ती नाट्यगृहाच्या रंगखोलीत. तिला सगळे उस्ताद म्हणत.

उस्तादच्या वडिलांनी त्या नाट्यगृहाचे पडदे तीस वर्षं रंगवले होते. जंगलं, राजवाडे, तुरुंग, स्वर्ग, सगळं एका हातचं. उस्ताद लहानपणापासून त्यांच्या मागे बादली घेऊन फिरली आणि कुठल्या वर्षी बादली खाली ठेवून कुंचला उचलला ते तिलाही आठवत नव्हतं. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वडील गेले. मालकाने तेराव्या-चौदाव्या दिवशीच तिला बोलावून घेतलं.

"पोरी, एक पडदा तुझा," मालक म्हणाला. "नव्या नाटकाचा. पडदा दिसताच प्रेक्षकांनी टाळी दिली तर खोली तुझी. नाही दिली तर मी बाहेरून माणूस आणतो. तुझ्या वडिलांवर माझा जीव होता. पण पडद्यांवर त्याहून जास्त आहे."

आता बगळ्याचं. उस्तादवर त्याचं प्रेम बसून तीन वर्षं झाली होती. ते त्याने कवीला सांगितलं होतं, जिन्यावरच्या शिंप्याला सांगितलं होतं, समोरच्या घड्याळजीला सांगितलं होतं. सांगायची राहिली होती ती एकटी उस्ताद. कवीने त्या प्रेमावर तोवर तीन नाटकं उरकली होती, आणि बगळ्याला वाटायचं की चौथ्यात तरी शेवट गोड करावा.

तर अशा ह्या बगळ्याला गुरुवारी सकाळी उस्तादचा निरोप आला: आभाळ घालायचंय, दोन हात कमी पडतायत, येतोस का? तो गेला नाही, पळाला. कोट घालून पळाला, त्यामुळे कवीला दिवसभर पांघरुणात बसावं लागलं, ते सोडा.

रंगखोलीत पडदा उभा टांगून रंगवायची पद्धत नव्हती. कापड जमिनीवर ताणून खिळ्यांनी ठोकायचं, पायात जाड लोकरीचे मोजे चढवायचे आणि माणसाएवढ्या दांड्याचा कुंचला घेऊन कापडावर चालत चालत रंग लावायचा. झाडून काढावं तसं. उस्तादची मावशी खोलीतल्या पोटमाळ्यावर शेगडी पेटवून कातड्या-हाडांचा सरस उकळत बसायची, कारण हा रंग तेलात नव्हे, सरसाच्या पाण्यात कालवायचा असतो. नीळ, खडूची पूड आणि सरस. वास असा की नवखा माणूस दारातूनच माघारी फिरावा. बगळ्याला तो वास अत्तरासारखा वाटायचा. प्रेम!

नाटकाचा पहिला अंक होता भर समुद्रात. खाली पाणी, वर मोकळं आभाळ, बाकी काही नाही. आभाळ एका दमात घालावं लागतं, मध्ये कड वाळली तर डाग राहतो. दुपारपर्यंत दोघांनी घामाघूम होऊन ते घातलं. मग उस्ताद सुताराशी पडद्याच्या वरच्या काठीवरून भांडायला खाली गेली. मावशी पोटमाळ्यावर भिंतीला टेकून जराशी डुलकी काढत होती.

पाव तास बगळा त्या ओल्या निळ्या मैदानात एकटा होता.

कडेला खडूच्या पातळ पाण्याची बादली होती. त्याने सहज कुंचला बुडवला आणि एक रेघ मारली. रेघ निळ्यात विरली. जणू नव्हतीच! तेलरंगात असंच होतं, ओल्या गडद रंगात पातळ पांढरा गेला की गेला, तळाशी बसतो आणि पुन्हा वर येत नाही. म्हणजे इथे काहीही लिहिलं तरी ते फक्त त्याला ठाऊक. म्हणजे ती रोज ह्या पडद्याखालून जाईल, हजारो लोक बघतील, आणि कुणाला...

बास, मग थांबतो कोण! त्याने दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पडद्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा चेहरा काढला. आडवा. आभाळाकडे तोंड करून झोपलेला. आधी कपाळ, मग नाक, मधोमध बारीकसा उंचवटा असलेलं ते वडिलांवर गेलेलं नाक, मग ओठ, मग हनुवटी. तीन वर्षं तो चेहरा हातात साठलेला होता. एकदाही अडखळला नाही.

उस्ताद परत आली ती स्वतःच्याच गालावरून चालत.

"आभाळ छान बसलंय रे," ती म्हणाली.

त्या शब्दांवर बगळा घरी उडत गेला. खऱ्या बगळ्यालाही जमलं नसतं असा.

एवढंच की सरसाच्या रंगाची तऱ्हा त्याला ठाऊक नव्हती. खडू ओला असतो तोवर काचेसारखा पारदर्शक, दिसतच नाही. सुकला की पांढराशुभ्र. म्हणून ह्या धंद्यातली माणसं ओल्या रंगावर कधी विश्वास ठेवत नाहीत. कागदाच्या तुकड्यावर रंग लावायचा, शेगडीवर धरून सुकवायचा, आणि मग बोलायचं. हे उस्तादला वयाच्या सहाव्या वर्षी माहीत होतं. तेलरंगवाल्या बगळ्याला तिसाव्या वर्षीही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी नऊला मावशी शेगडी पेटवायला पोटमाळ्यावर चढली. खाली तिची नजर गेली आणि तिने अशी आरोळी ठोकली की रस्त्यावरचा घोडा बिचकला.

"अगं ए! खाली बघ! नाही, खालून नाही दिसायचं, वर ये! आभाळात तू आहेस!"

उस्ताद शिडी चढून वर आली. बघितलं. आणि कठड्याला धरून उभी राहिली.

निळ्या आभाळात चाळीस फुटांची ती पहुडलेली होती. शुभ्र. ठसठशीत. नाकावरच्या उंचवट्यासकट.

नेमका त्याच वेळी बगळा शीळ घालत आत शिरला, अंगात कोट, काखेत पाव.

"या, कलावंत, या!" मावशी वरून म्हणाली. "असे शिडीने वर या. तुमची करामत लांबून फार देखणी दिसते!"

बगळा चढला. त्याने खाली पाहिलं. काखेतला पाव खाली पडला, थेट हनुवटीवर.

"हे काय आहे?" उस्तादने विचारलं. आवाज शांत होता. मावशी हळूच दोन पावलं सरकली. हा शांतपणा तिच्या ओळखीचा होता.

"नाक," बगळा म्हणाला.

"कुणाचं?"

"सुकल्यावर दिसेल असं मला खरंच..."

"बगळ्या. कुणाचं?"

"तुझं." आणि मग एकदा बूच उडालं ते उडालंच. "तुझंच. सगळं तुझं. मला वाटलं ते आतच राहील, माझ्यापाशी. उस्ताद, तीन वर्षं झाली. मी घड्याळजीलासुद्धा सांगितलं, फक्त तुला..."

"साडेतीन," मावशी म्हणाली. "मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

"मावशी!"

"मला वाटलं तापासारखं उतरेल गं."

उस्तादने डोळे मिटले, उघडले, आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. "ऐक. एकदाच बोलते, कारण अकराला मालक येणार आणि पाचला पहिला खेळ आहे. तू माझा मित्र आहेस. तुझी रेघ चांगली आहे. माझं तुझ्यावर प्रेम नाही."

"दुसरं कुणी आहे?"

"कुणी नाही."

"कुणीच नाही?" बगळ्याची मान एकदम ताठ झाली. "मग तर..."

"कुणी नाही म्हणजे तुझा नंबर लागला असं नाही," उस्ताद म्हणाली. "ही काय तिकिटाची रांग आहे?"

मावशीला हसू आलं. तिने ते पदरात दाबलं आणि सरसाची कढई ढवळायला लागली. बगळ्याला वाटलं आपण आता ह्या कढईत उडी घ्यावी. पण खाली बघितल्यावर त्याला स्वतःपेक्षा मोठी गोष्ट दिसली. हिचा पडदा गेला! हिची खोली गेली, वडिलांची तीस वर्षं गेली, आणि ती घालवली आपण.

"मी धुतो," तो म्हणाला. "आत्ता, गरम पाण्याने."

"तेवढंच धुतलंस तर भोवती कडं उठेल."

"वरून निळा मारतो."

"खालचा खडू भिजून वर येईल. पुन्हा नाक."

"मग ढग करूया! पांढरं आहेच, कडा मऊ करू..."

"ह्या नाकाचे ढग?" उस्तादने पहिल्यांदाच मान कलती करून खाली नीट पाहिलं. तिचा हात नकळत स्वतःच्या नाकावर गेला. "ढगातून ते डोकावत राहील. ह्या नाकाला वजन आहे रे. ह्याला..." ती थांबली. आणि तिच्या चेहऱ्यावर अशी वीज चमकली की मावशीने कढई ढवळणं थांबवलं. "ह्याला दगड पाहिजे. डोंगर! कपाळ हे पठार, नाक हा सुळका, हनुवटी समुद्रात उतरलेला कडा. बगळ्या, तू डोंगरच काढलेस, तुला कळलं नाही एवढंच!"

"पण नाटकात भर समुद्र आहे. खलाशी चार पानं रडतो, जमीन नाही म्हणून."

"कवीला आण. पळ!"

बगळा पळाला. पाच मिनिटांनी आठवलं की कोट आपल्या अंगात आहे, म्हणजे कवीला बाहेर येता येणार नाही. मग माळ्यावर जाऊन कोट कवीच्या अंगात कोंबला आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर थंडीत धावत परतला. नाटकवाल्या मंडळींची ही वरात बघून शिंपी कात्री हातात धरून दारात आला. "काय रे, हो म्हणाली का?"

"नाही!" बगळा धावता धावता ओरडला.

"मग एवढ्या आनंदात कुठे निघालात?"

रंगखोलीत कवीने कपाळाला हात लावला. "डोंगर? माझ्या समुद्रात? अहो, त्या चार पानांत तहान आहे! सगळं नाटक त्या तहानेवर उभं आहे! जमीन दिसली की माणूस उतरणार, पाणी पिणार, घरी जाणार. नाटक संपलं! दिवे मालवा!"

"वर ये आणि बघ," उस्ताद म्हणाली आणि खाली उतरली.

कवी कुरकुरत वर चढला. खाली उस्ताद मोजे चढवून कपाळाचं पठार करायला लागली होती. बगळा तिच्यापासून दहा फुटांवर उभा होता, सदऱ्यात कुडकुडत, हातात कुंचला. तो चेहऱ्याकडे बघत होता; ती रंगाकडे बघत होती. कवीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पालथ्या बादलीवर बसला आणि कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली.

"जमीन दिसते," तो हळूच म्हणाला. "समोर आहे. अगदी समोर. पण वारा पडलाय. जहाज जागचं हलत नाही."

"मग?" मावशीने विचारलं.

"मग काय, मावशी! तहान दुप्पट!" आणि तो लिहायला लागला. इतक्या जोरात की पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

खाली काम पेटलं होतं. उस्तादने बगळ्याला सावलीचा जांभळा कालवायला बसवलं.

"कागदावर लाव. शेगडीवर धर. सुकला की दाखव."

त्याने दाखवला.

"फिका."

दुसरा दाखवला.

"काळा. माझ्या नाकाला शाई लागलीय का?"

तिसरा कागद त्याने शेगडीवर धरला, बोटं भाजली, फुंकर मारली, नेला. उस्तादने तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "बरोबर. ह्याची बादलीभर कर."

सांगतो तुम्हाला, त्या एका शब्दावर बगळ्याच्या अंगातली थंडी गेली.

नाकाखाली सावली पडली आणि सुळका उभा राहिला. हनुवटी खडकाळ झाली. गालावर दरी उतरली. उस्ताद पळत होती, वाकत होती, मध्येच शिडी चढून वरून बघून पुन्हा खाली येत होती. साडेदहा वाजले आणि मधोमध ओठ तेवढे राहिले.

"ओठ तू मोड," उस्ताद म्हणाली.

बगळा थिजला. "मी?"

"तूच काढलेस ना? मी मोडले तर तुला मोडल्यासारखे वाटतील. तू मोडलेस तर दोन टेकड्या होतील."

मावशीने पाठ फिरवली आणि उगीचच सरस गाळायला घेतला. तिचे ओठ हलत होते. देवाला काहीतरी सांगत असावी. बगळ्याने कुंचला बुडवला. एका पायावर उभा राहिला. मग दुसराही पाय टेकवला आणि ओठांच्या मधून एक घळ खाली खेचली, सरळ, न थांबता. वरचा ओठ एक टेकडी झाला. खालचा दुसरी.

"छान," उस्ताद म्हणाली आणि पुढच्या बादलीकडे गेली.

ठीक अकराला मालकाची घोडागाडी थांबली. मालक धापा टाकत पोटमाळ्यावर चढला, चष्मा पुसला आणि खाली बघितलं.

"हे डोंगर कुठून आले? ठरलं होतं मोकळं आभाळ."

"कवींनी अंक बदललाय," उस्ताद म्हणाली.

"सुधारलाय!" कवीने बादलीवरून दुरुस्ती केली.

मालकाने डोळे बारीक केले. इकडे मान, तिकडे मान. "हा मधला सुळका... हा मी कुठेतरी पाहिलाय." खोलीत कुणी श्वास घेईना. "तुझ्या वडिलांनीच काढलेला असावा."

"त्यांचाच आहे," मावशी म्हणाली. "त्यांनी मागे ठेवलेला."

मालक गहिवरला. नाक शिंकरलं. "मला काय वाटतं ते सोडा. पाच वाजता प्रेक्षक सांगतील," म्हणाला आणि निघून गेला.

पाच! चार शेगड्या लावून पडदा सुकवला, सुताराने खिळे उपटले, काठी बसवली, दोर ओढले. खलाशी झालेला नट नवी वाक्यं पाठ करत सगळ्यांना शिव्या घालत होता. प्रेक्षकगृह भरत होतं. रंगमंचापुढची गॅसच्या दिव्यांची रांग पेटली. उस्ताद आणि बगळा विंगेत उभे राहिले, जांभळ्या हातांनी.

दर्शनी पडदा वर गेला.

आधी काहीच नाही. नुसती शांतता. उस्तादने डोळे मिटले. डोलकाठीवर चढलेल्या खलाशाने हात लांब केला आणि पोटापासून ओरडला, "जमीन!"

आणि चारशे माणसांनी त्या हाताच्या दिशेने पाहिलं. पहाटेच्या आभाळात पांढरी, जांभळी, लांबच लांब जमीन. वरच्या सज्ज्यातून कुणीतरी "वा!" म्हणालं, आणि मग टाळी आली. छपरावर गारा पडाव्यात तशी! सज्ज्यातले लोक उभे राहिले. खलाशाला पुढचं वाक्य बोलता येईना. मालक पहिल्या रांगेत उठून उभा राहिला आणि मागच्यांनी त्याला ओरडून खाली बसवलं.

उस्तादने बगळ्याची बाही घट्ट धरली आणि लहान मुलीसारखी जागच्या जागी उड्या मारायला लागली. "दिली! टाळी दिली! बगळ्या, दिली!" गालावर रंग, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. बघत होती पडद्याकडे. त्याच्याकडे एकदाही नाही. बगळ्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं की आपण काढला तो चेहरा झोपलेला होता. हा जागा आहे. हा आपण कधी बघितलाच नव्हता. तोही टाळ्या वाजवायला लागला, बाही तिच्या मुठीत होती म्हणून एकाच हाताने, मांडीवर.

ते नाटक एकतीस खेळ चाललं. प्रत्येक खेळाला "जमीन!" म्हटलं की टाळी पडायची आणि मग वारा पडायचा आणि बायका डोळे पुसायच्या. खोली उस्तादची झाली. एकतिसाव्या खेळानंतर पडदा उतरला, कारण कापड महाग, आणि सरसाचा रंग गरम पाण्याने धुऊन त्यावर नवा पडदा रंगवायचा हीच तिथली रीत.

"धुवायला मी येतो," बगळा म्हणाला.

उस्तादने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "ये. मोजे आण."

तिघांनी मिळून धुतला. निळं पाणी मोरीकडे वाहिलं, मग जांभळं. पठार गेलं, टेकड्या गेल्या. सुळका मात्र जाईना.

"देवा रे, हे नाक भारी चिवट," मावशी म्हणाली. "हिच्या बापाचंही असंच होतं. घे अजून एक हंडा."

बगळा खदखदून हसला. उस्ताद हसली. शेवटचा हंडा दोघांनी मिळून ओतला.

संध्याकाळी माळ्यावर कवीने पांघरुणातून विचारलं, "काय रे, गेलं का डोक्यातून?"

"नाही गेलं," बगळा मोजे वाळत घालत म्हणाला. "पण कामाला लागलंय. उद्या कोट मला हवा."

दुसऱ्या दिवशी नव्या पडद्याचं आभाळ होतं. "मोकळं," उस्तादने बजावलं. "मोकळं म्हणजे मोकळं." बगळ्याने नीळ कालवली, खडू टाकला, कागदावर लावला आणि कुणी सांगायच्या आधी शेगडीवर धरला. सुकेपर्यंत थांबला. मग तो तुकडा तिच्यापुढे धरून उभा राहिला, श्वास रोखून.

उस्तादने कागद खिडकीच्या उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला.

"बरोबर," ती म्हणाली.

आणि बगळा बादली घेऊन पळाला.